उंटाचं तोंड फिरवलं ते वर्ष

डिसेंबरात, एका गुरुवारी, माझा नवरा दिगंबर नेहमीसारखा ट्रॅकवर गेला. दुपारी त्याच्या मित्राचा, रफिकभाईंचा, फोन आला. मी ग्रंथालयातून निघाले. दवाखान्यात पोहोचले तेव्हा तो वारला होता.

परवा जालना रोडवर रिक्षात बसले होते. दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणारा टँकर पुढं चालला होता. त्याच्या नळीतून पाणी सांडत होतं, आणि कडेच्या कोरड्या मातीवर पडून तिचा वास उठत होता. लोक या वासाचं नातं पावसाशी जोडतात. माझ्यासाठी तो थंडीचा वास आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचला ऊन पिवळं होतं, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, कुठंतरी हुरड्याची आगटी पेटलेली असते, आणि एक जुना ट्रॅक्टर टँकर ओढत गोल गोल फिरत असतो, तेव्हा हा वास यायचा. रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, उतरायचं ना?" माझं ठिकाण मागं गेलं होतं.

ट्रॅक म्हणजे मोटारसायकलींच्या शर्यतीचा मातीचा ट्रॅक. शहरातल्या पुष्कळ लोकांना तो ठाऊकही नसेल. शेंद्र्याच्या अलीकडं दिगंबरच्या घरच्या रानाला लागून एक टेकाड होतं. औद्योगिक वसाहतीचे रस्ते होत होते तेव्हा टेकाडातला मुरूम तिकडं गेला आणि टेकाडाच्या जागी खड्डा राहिला. मोठा, उथळ, परातीसारखा. पिकाच्या कामाचा नाही, विहिरीच्याही कामाचा नाही. घरातल्या वाटणीत त्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं. दिगंबर तेव्हा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये कामाला होता. त्याचा मित्र रफिक चिकलठाण्यात गाड्या दुरुस्त करायचा. सुटीच्या दिवशी हे दोघं एकच मोटारसायकल घेऊन खड्ड्यात उतरायचे आणि आळीपाळीनं फिरवायचे. ट्रॅकचा इतिहास सांगायचा तर तो एवढाच. दोन माणसं, एक गाडी आणि कुणाला नको असलेला खड्डा.

पहिल्या हिवाळ्यात तिथं नुसतं एक कडं होतं, ताट उपडं ठेवून आखल्यासारखं. पुढच्या प्रत्येक हिवाळ्यात त्यात काहीतरी वाढलं. मी त्या कड्यावर कधी गाडी चालवली नाही, तरी आज डोळे मिटून पूर्ण फेरी मारू शकते. दुपारी वाचनात मन लागेनासं झालं की मारतेच. आधी सरळी. ती खड्ड्याच्या उत्तरेकडून जायची, तिथं गाड्यांचा आवाज एकसारखा वर चढायचा. मग लिंबाचं वळण. लिंबाचं झाड ट्रॅकच्या बाहेर होतं, पण सावली आत पडायची आणि सावलीतली माती ओली राहायची, म्हणून तिथं नवखे घसरायचे. त्यानंतर दोन लहान वळणं, त्यांना नावं नव्हती. मग सासू. हे नाव रफिकभाईंनी दिलेलं. "कैसे भी आओ, उसको पसंदच नहीं आता," असं ते म्हणायचे. वळण आत शिरताना रुंद वाटायचं आणि मध्यावर अचानक आवळायचं. हळू गेलं तर मागचा पुढं जायचा, जोरात गेलं तर स्वार कडेच्या टायरांच्या ढिगात बसलेला दिसायचा. सासूच्या पलीकडं उंट.

उंट म्हणजे मातीचा उंचवटा. त्यावरून गाडी हवेत उडायची आणि बघणारे सगळे एकदम श्वास धरायचे. त्याची चढायची बाजू उभी असायची, उतरायची बाजू लांब आणि हलक्या उताराची, म्हणजे गाडी आपटू नये. उभ्या बाजूला आम्ही उंटाचं तोंड म्हणत असू.

आणि या तोंडाची एक रीत होती. तशी रीत दुसऱ्या कुठल्या ट्रॅकवर असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या शर्यतीच्या आधी दोघांचा वाद झाला होता, फेरा कुठल्या बाजूनं घ्यायचा याचा. मी पुस्तक घेऊन लिंबाखाली बसले होते, ते भांडण मी ऐकलं आहे.

"घड्याळासारखं फिरायचं," दिगंबर म्हणाला. "देवळात प्रदक्षिणा घालतात तसं."

"तू आखरी बार देवळ में कब गया था?"

"ते जाऊ दे. गोल फिरायचं म्हटलं की माणूस असाच फिरतो."

"कोन बोला? तवाफ में उल्टा फिरते." तवाफ म्हणजे काबेभोवतीची फेरी. "सारी दुनिया से लोगां आ के उल्टाच फिरते."

"तू जाऊन आलास का?"

"जाऊंगा ना. अभी से आदत डाल रहा."

दोघंही फारसे देवभोळे नव्हते. पण माघार घेणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं. शेवटी ठरलं, एका वर्षी दिगंबरच्या बाजूनं, दुसऱ्या वर्षी रफिकच्या. चेष्टेत ठरलेलं होतं, पण ते कायम राहिलं. म्हणून दर हिवाळ्यात उंट फोडून उलटा रचावा लागायचा. त्याला ते उंटाचं तोंड फिरवणं म्हणायचे. पंचक्रोशीतली पोरं दिवाळी सरली की विचारायची, "दिगूभाऊ, यंदा उंट कुणीकडं बघतो?" गंमत अशी की स्वतःच्या पाळीच्या वर्षी कुणीच उंटाला हात लावायचा नाही. दिगंबरच्या वर्षी रफिकभाई तोंड फिरवायचे, रफिकभाईंच्या वर्षी दिगंबर. हे मात्र कधी बोलून ठरलेलं नव्हतं.

मी पुस्तकांत वाढलेली बाई. गोष्ट पुढं जाते, माणूस एका जागेवरून दुसऱ्या जागी पोहोचतो, याची मला सवय. लग्नानंतर पहिल्यांदा ट्रॅक पाहिला तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "एवढं जिवावर उदार होऊन पुन्हा त्याच जागी यायचं, यात काय आहे?" तो म्हणाला, "तू एकच पुस्तक पुन्हा का वाचतेस?" मग दर रविवारी मी एक पुस्तक आणि चहाचा थर्मास घेऊन तिथं जाऊ लागले. स्वार मला वाचणाऱ्या वहिनी म्हणत. आम्हाला मूलबाळ झालं नाही. चिखलानं माखलेली पोरं हेल्मेट काखेत धरून येत आणि विचारत, "वहिनी, चहा उरलाय का?" थर्मास कधीच पुरला नाही.

मातीबद्दल तो घरी खूप बोलायचा. एरवी अबोल माणूस, पण जेवताना हे सुरू व्हायचं. काळी माती ओली असेल तर चिकटते, वाळली की भेगाळते. मुरूम पाणी धरत नाही, गाडीही धरत नाही. दोन्ही मिसळून, वर पाणी मारून, दाबून, पुन्हा पाणी मारून थर बसवावा लागतो. आणि एकदा थर बसू लागला की शर्यतीपर्यंत रोज संध्याकाळी पाणी मारायचं. दोन-चार दिवस जरी खाडा झाला तरी थर सुटतो, वर नुसती भुकटी उरते, आणि त्या हिवाळ्यापुरता ट्रॅक संपतो. म्हणून त्या दीड-दोन महिन्यांत आम्ही कुठल्या लग्नाला गेलो नाही, गावाला गेलो नाही. पैठणला माझं माहेर. तिथं सगळ्यांना ठाऊक होतं की थंडीत हे लोक येत नाहीत.

दिगंबरचे थोरले भाऊ आण्णा शेती करायचे. त्यांचं घर रानातच. ट्रॅकचा त्यांना मनापासून राग. टँकर फिरताना दिसला की बांधावरून ओरडायचे, "एवढ्या पाण्यात कापूस आला असता, कापूस! तू नुसता धुरळा पिकवतो!"

"धुरळा बसवतोय, आण्णा," दिगंबर ओरडून सांगायचा.

"मग बस म्हणावं त्याला. तुझं ऐकत असंल तर."

दिगंबर गेला त्या वर्षी जमीन विकायचं ठरलं. यात कुणाचा दोष नव्हता. आजूबाजूची रानं गेलीच होती, आण्णांच्या पोरांना शेती करायची नव्हती, दिगंबर निवृत्त झाला होता आणि डॉक्टरांनी त्याला हृदयाचा त्रास सांगितला होता. त्यानं सही केली. एकच अट घातली. ताबा संक्रांतीनंतर, म्हणजे संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शेवटची शर्यत होईल. घेणाऱ्यानं मान्य केलं. डॉक्टरांनी फावडं धरायचं नाही म्हणून बजावलं होतं. दिगंबर मान हलवून हो म्हणाला. तो हो म्हणाला की काय समजायचं हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. पण तो रोज रात्री नीट जेवत होता आणि मातीबद्दल बोलत होता.

त्या गुरुवारी रफिकभाईंना तो उंटाजवळ सापडला. बसलेला होता, फावडं मांडीवर आडवं.

अंत्यविधीनंतर मी रानातल्या घरीच राहिले. माणसं येत होती, बसत होती, जात होती. चहाचे कप विसळण्याचा आवाज दिवसभर यायचा. तिसऱ्या दिवशी सांजच्याला रफिकभाई आले आणि अंगणाबाहेर उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"भाभी, कैसे बोलूं…"

"बोला ना."

"तीन दिन हो गये. पानी नहीं पडा." त्यांनी खाली बघितलं. "मट्टी को तो मालूम नहीं ना, कोन गया."

मी उठले. पायात चपला घातल्या. आण्णा ओसरीवर बसले होते.

"कुठं निघाली, बाई?"

"ट्रॅकवर. पाणी मारायला."

"सुतकात? लोकं बसायला येऊ लागली, अन् तू शर्यतीचं बघती?"

"मग तुम्ही जा ट्रॅक्टर घेऊन."

"मला बी सुतकच हाय की."

रफिकभाई अंगणाबाहेर, मी अंगणात, आण्णा ओसरीवर. मग आण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले. "चला," म्हणाले, "दोघांलाबी सुतक हाय. आता कोण कुणाला बाटवायलंय?"

त्या दिवसापासून आण्णा ट्रॅक्टर चालवू लागले. मी शेजारी, मडगार्डवर, एका हातानं पकडून. रफिकभाई मागून चालत, नळीचा झोत कमीजास्त करत. आयुष्यभर मी तो ट्रॅक वरून पाहिला होता, लिंबाखालून. खाली उतरल्यावर तो फार मोठा वाटला आणि आम्ही तिघं फार थोडे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आण्णा म्हणाले,

"असंच रोज गोल गोल फिरायचा व्हय ह्यो?"

"हो."

"जायचं कुठंच नाय."

"नाही."

"कापूस परवडला." थोड्या वेळानं त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसले. "धुरळा लई हाय," म्हणाले. आमच्या पुढचा सगळा रस्ता ओला होता.

शोक म्हणजे काय हे मी पुष्कळ वाचलं होतं. पण पुस्तकांतल्या शोकाला वेळापत्रक नसतं. मला ते होतं. पाच वाजता निघायचं, अंधार पडेपर्यंत फेऱ्या मारायच्या. मी दिवसभर पाचची वाट पाहायचे. भेटायला आलेल्या बायका म्हणत, "रडत नाही हो ही, रडायला पाहिजे." मला रडायला सवड नव्हती. थर धरत होता. चपलेच्या टाचेनं दाबून बघायचे तर टाच उमटायची, पण आत जायची नाही. दिगंबर हेच करायचा आणि मान हलवायचा. मला वाटायचं, शर्यत होईपर्यंत तो पूर्ण गेलेला नाही. असं उघड कुणाला म्हणता येत नव्हतं. शर्यत झाली नाही तर काय होईल, याचा विचार मी करत नव्हते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. उतारावरून खाली पाहिलं तर उंटावर माणसं होती. रफिकभाई आणि त्यांचे चार-पाच स्वार, सगळ्यांच्या हातात फावडी. उंटाच्या एका कोपऱ्याची माती काढून झाली होती. मी धावत खाली गेले. मला धावताना याआधी कुणी पाहिलं नसेल, पोरं बाजूलाच झाली.

"रफिकभाई, काय चाललंय?"

"कुछ नहीं भाभी. उंट का मुंडी घुमा रहें. शाम तक हो जाता."

"कशासाठी?"

"इस साल भाई के तरफ से फेरा. सबने बोला."

"यंदा तुमची पाळी आहे."

"बारी-बिरी छोडो भाभी. मैं बारी लेके क्या करूं? आखरी रेस है उसका. उसके बाजू से घूमने दो सबको." पोरांतला एक म्हणाला, "वहिनी, भाऊंचा मान म्हणून करतोय आम्ही."

मला त्यांचं म्हणणं कळत होतं. त्यांच्या जागी दिगंबर असता तर त्यानंही हेच केलं असतं, हेही कळत होतं. तरी मी उंटाच्या आणि फावड्यांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"हा उंट कुणी रचला?" मी विचारलं.

"भाई ने."

"कुणासाठी?"

रफिकभाई फावड्याच्या दांड्यावर टेकले.

"फावडं धरू नको म्हणून सांगितलं होतं त्याला. तरी धरलं. तुमची पाळी होती म्हणून धरलं. त्याच्या हातचं हे शेवटचं काम आहे, रफिकभाई. ते मोडून त्याला कसला मान देताय?"

उंटाच्या लांब उतारावर फावड्याच्या पाठीनं माती थापल्याच्या खुणा होत्या. एकाशेजारी एक, माशाच्या खवल्यांसारख्या. इतके दिवस पाणी मारूनही गेल्या नव्हत्या, कारण त्या बाजूला रफिकभाई नळीचा झोत बारीक करायचे. मी ते रोज पाहिलं होतं. म्हणजे त्यांनाही त्या खुणा दिसत होत्याच. दिसत असूनही ते मोडायला निघाले होते, कारण त्यांना स्वतःची पाळी घेऊन त्याच्याशिवाय फिरायचं नव्हतं.

ते खाली बसले. फावडं बाजूला टाकलं. मग म्हणाले, "साला, जाते जाते भी अपनीच चलाया." आणि रडता रडता हसले. मग काढलेली माती त्यांनी हातांनीच परत भरली. पोरं फावडी पुढं करत होती, ते घेत नव्हते. तळव्यांनी थापत राहिले. मी पण बसले आणि थापू लागले. माती गार होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीत त्या खुणा पुसल्या जाणार हे मला ठाऊक होतं. गाड्यांनी पुसल्या तर चालणार होतं. फावड्यानं पुसलेल्या नको होत्या.

शर्यतीच्या दिवशी खड्ड्याच्या चारी उतारांवर माणसं बसली होती. आण्णांनी सकाळी टँकरची एक फेरी मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांना काय करावं सुचेना, त्यांनी हॉर्न वाजवला. रफिकभाईंनी झेंडा खाली केला. गाड्या उलट्या बाजूनं निघाल्या, त्यांच्या बाजूनं. आधी उंट. पहिली गाडी त्यावर चढली, वर गेली, क्षणभर तिचा आवाज बदलला, आणि ती त्या लांब उतारावर अलगद उतरली. आपटली नाही. माझ्या शेजारी कुणी म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, "काय उतरवली!" पुढं सासूत दोघं टायरांत बसले, लोक हसले. कोण जिंकलं ते मला आज आठवत नाही.

सगळे गेल्यावर उतारांवर शेंगांची टरफलं आणि कागद उरले. पाच वाजले. आण्णांनी ट्रॅक्टर सुरू केला नाही. कुणी त्यांना सांगितलंही नाही. मी लिंबाखाली उभी राहिले. उडालेला धुरळा अजून हवेत होता, तो खाली बसायला फार वेळ लागला. तो पूर्ण बसला तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं.

नंतरचं लवकर झालं. थर काही दिवसांतच सुटला. संक्रांत झाल्यावर यंत्रं आली. मी पाहायला गेले नाही. आण्णांनी फोनवर सांगितलं, "बुजवला खड्डा," आणि फोन ठेवला नाही. त्यांना अजून काही सांगायचं असेल असं वाटलं, पण ते एवढंच म्हणाले, "तू जेवती ना येळवर?" रफिकभाई त्यानंतर हजला जाऊन आले. परत आल्यावर घरी खजूर घेऊन आले. मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, "बहोत लोगां थे भाभी. घूमते घूमते रोना आया. सब बोले अल्लाह की याद में रो रहा." आणि चहा घेऊ लागले.

आता खड्ड्याच्या जागी पत्र्याचं गोदाम आहे. त्याच्या कुंपणाबाहेर थोडी मोकळी जागा सुटली आहे, तिथं गवत आहे, आण्णांच्या शेळ्या चरतात. रफिकभाईंचं गॅरेज मुलगा चालवतो. मी सिडकोतल्या घरी असते. पुस्तकं वाचते. संध्याकाळी मला कुठं जायचं नसतं.